वाऱ्याचं गाव

तुमच्या हातात चामड्याचा एक ओला तुकडा आहे. अमोनियात बुडवलेला, त्यामुळे डोळ्यांना पाणी येतंय. समोर बागेत एक लांब तार ताणून बांधली आहे. गेले दोन-तीन तास ती काही हजार व्होल्टच्या ऋण विद्युतदाबावर ठेवली होती, यंत्र आत्ताच बंद केलंय. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत चामड्याने तार पुसत जायचं. जरा भराभर पुसा, कारण जे पुसून घ्यायचंय ते टिकणारं नाही.

साल १९०१, गाव वोल्फेनब्युटेल, उत्तर जर्मनी. तुम्हाला कामाला लावणारे हे दोघे इथल्या शाळेतले मास्तर आहेत, युलियुस एल्स्टर आणि हान्स गायटेल. घर एक, प्रयोगशाळा एक, निबंधांवर नावंही जोडीनेच. शाळा सोडून विद्यापीठात जायचं त्यांच्या मनात नाही. या जोडगोळीचा एक किस्सा सांगतात. गायटेलसारख्या दिसणाऱ्या एका माणसाला रस्त्यात कुणीतरी एल्स्टर समजून नमस्कार केला. तो गृहस्थ म्हणाला, एक तर मी एल्स्टर नव्हे, गायटेल आहे. आणि दुसरं म्हणजे मी गायटेलही नव्हे. किस्सा खरा की रचलेला, देव जाणे.

तार पुसून झाली? मग चामडं विद्युतदर्शकाजवळ न्या. काचेच्या आत धातूची दोन पातळ पानं भारामुळे एकमेकांपासून लांब उभी आहेत. चामडं जवळ येताच ती मिटायला लागतात. आसपासची हवा विद्युतवाहक झाली आहे आणि भार गळतोय. अर्ध्या-पाऊण तासाने तेच चामडं पुन्हा न्या. पानं आता सावकाश मिटतात. आणखी थोड्या वेळाने चामडं साधं चामडंच उरतं.

यातली गंमत अशी की बागेत थोरियम नाही, युरेनियमची कुपी नाही, काही म्हणजे काही नाही. रदरफर्डने कॅनडात थोरियमजवळ ऋण भाराची तार धरून तिच्यावर किरणोत्सार गोळा केला होता. या दोघांनी विचार केला, थोरियम न ठेवता नुसत्या उघड्या हवेत तार धरली तर? धरली, आणि तारेवर काहीतरी जमलं. म्हणजे ते हवेतच होतं.

तुमची पंचाईत होते, कारण ते काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. जिभेवर शब्द आलाय, रेडॉन. बोलू नका. हे नाव रूढ व्हायला अजून वीस-बावीस वर्षं आहेत. रेडियममधून एक वायू निघतो एवढं डोर्नने गेल्याच वर्षी दाखवलंय. मास्तर मात्र आपल्या वाटेने बरोबर चाललेत. तळघरातली हवा तपासली, ती जास्त प्रभावी निघाली. हार्ट्झ डोंगरातल्या बाउमान गुहेतली तपासली, ती त्याहून वरचढ. मग बागेत जमिनीत नळी खुपसून मातीतली हवाच ओढून घेतली. उगम पायाखाली आहे.

आता मनातल्या मनात सांगतो, त्यांना ऐकू जाणार नाही. जवळजवळ प्रत्येक खडकात, प्रत्येक मातीत युरेनियमचा अंश असतो. तो फुटत फुटत रेडियम होतो आणि रेडियमचा रेडॉन. रेडॉन हा एकटा राहणारा वायू, कुणाशी सोयरीक जमवत नाही, म्हणून मातीच्या फटींतून सुटून वर येतो. बर्फ नसलेल्या जमिनीवर जगभराची ढोबळ सरासरी धरली, तर चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला एक अणू. हात खाली करा आणि तळवा जमिनीवर ठेवा. त्याच्याखालून दर सेकंदाला शंभराच्या आसपास अणू निसटतायत. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. अणू फुटला की त्याची संतती धातूची असते, पोलोनियम, शिसं, बिस्मथ, पुन्हा पोलोनियम. आणि धातूच्या अणूला एकटं राहवत नाही. जन्मतःच त्याच्यावर धन भार असतो म्हणून तो ऋण तारेकडे धावतो. तार नसेल तर हवेतल्या पहिल्या भेटेल त्या कणाला चिकटतो. धूर, धूळ, मीठ, काहीही चालतं. तुम्ही चामड्याने पुसलीत ती हीच मंडळी. त्यातलं शिसं-२१४ सुमारे सत्तावीस मिनिटांत निम्मं होतं, बिस्मथ-२१४ वीस मिनिटांत. म्हणून घाई.

निघा आता. १९०२, केंब्रिज. इथे फार थांबायचं नाही. सी. टी. आर. विल्सन नुकताच पडलेला पाऊस प्लॅटिनमच्या भांड्यात आटवतायत. तळाशी उरलेला अदृश्य थर किरणोत्सारी आहे, आणि अर्ध्या तासात त्याचा जोर निम्म्यावर येतो. मास्तरांच्या चामड्यासारखंच. पावसाने हवेतले कण धुऊन खाली आणलेत. हे भांडं लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

१९०३च्या शेवटाकडे तुम्ही नॉर्वेच्या पार उत्तरेला पोचता, लॅपलंडमधल्या कारासयोकला. थंडी कशी आहे ते सांगत बसत नाही, तुम्हाला कळतेच आहे. जॉर्ज क्लार्क सिम्पसन नावाचा पंचविशीतला तरुण तारेचा तोच प्रयोग वर्षभर करतोय. कारासयोक समुद्रापासून आत आहे. तिथले आकडे मोठे येतात. किनाऱ्यावरच्या हामरफेस्टला तीच तार, तीच पद्धत, आणि आकडे लहान. मास्तरांनाही उत्तर समुद्रातल्या युइस्ट बेटावर हवा अशीच फिकी आढळली होती. समुद्राच्या पाण्यातून रेडॉन निघतो, पण जमिनीच्या मानाने जवळजवळ शंभरपटीने कमी. तेव्हा तार मोजत होती ती निव्वळ हवा नव्हे. हवा गेले काही दिवस कुणाच्या अंगणात होती, हे मोजलं जात होतं.

आपल्याकडे नवख्या माणसाला नाव विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गाव कोणतं? वाऱ्याला हा प्रश्न विचारायची सोय या तारेने केली, असं मला वाटतं. कारासयोकच्या या तरुणाने तो प्रश्न अशा शब्दांत विचारला नसेल. पण तीनच वर्षांत तो हिंदुस्थानच्या हवामान खात्यात रुजू झाला, सिमल्याला बसून पावसाच्या विजेचा अभ्यास केला, आणि पुढे कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवाकडेही गेला. वाऱ्यामागे एवढं फिरलेला माणूस विरळाच.

आता मोठी उडी. १९५६चा जुलै, मुंबई. अपोलो बंदरावर समुद्र धक्क्याला धडका देतोय. गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, कुलाब्याच्या टोकाला जायला तिला अजून सहा वर्षं आहेत. आत शिरा, छत्री बाहेर ठेवा. इथल्या लोकांना पाऊस हवाय, पण छपरावरचा नको, भांड्यातला हवाय.

बर्नार्ड पीटर्स आणि त्यांचे तरुण सहकारी, त्यांत देवेंद्र लाल, या इमारतीत विश्वकिरणांच्या मागे लागलेत. हे किरण अवकाशातून येतात, वरच्या हवेत नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्यांचे तुकडे पाडतात. त्या तुकड्यांत बेरिलियम-७ असतं, अर्धायुष्य ५३ दिवस. किरणोत्सारी फॉस्फरस असतो, गंधक असतं. अमेरिकेत अर्नोल्ड आणि अल-सालिह यांनी १९५५ मध्ये पावसाच्या पाण्यात बेरिलियम-७ शोधलं. याच १९५६ साली पी. एस. गोएल यांचा पावसाच्या पाण्यातल्या किरणोत्सारी गंधकावरचा निबंध 'नेचर'मध्ये छापून येतो.

एका बाकाशी थांबा आणि हिशेब बघा. लिटरभर पावसाच्या पाण्यात बेरिलियम-७चा साधारण एक अणू दर सेकंदाला फुटतो. फुटणाऱ्या दहांपैकी एकाच अणूतून गॅमा किरण निघतो. मोजयंत्राला त्यातले थोडेच दिसतात, कारण बाकीचे भलत्याच दिशेने जातात. शिवाय भिंती, फरशी, मोजणाऱ्याचं स्वतःचं अंग, सगळ्यांतून किरणोत्साराची कुजबुज चालूच असते. म्हणून पाण्याची पिंपं भरायची, रसायनाने हवं ते मूलद्रव्य वेगळं काढायचं, चमचाभर गाळ जाड धातूच्या कवचात ठेवायचा आणि तासन् तास मोजत बसायचं. त्यात हा काळ बॉम्बचाचण्यांचा. अमेरिका आणि रशियाच्या चाचण्यांची राख जगभरच्या हवेत फिरतेय, तिचा गोंगाट वेगळा. बेरिलियम-७ मात्र विश्वकिरणांची खूण म्हणून त्या गोंगाटातही ओळखू येतं.

१९५८ मध्ये लाल, पी. के. मल्होत्रा आणि पीटर्स यांचा निबंध येतो. वातावरणात कुठल्या उंचीवर, कुठल्या अक्षांशावर अशी किती समस्थानिकं तयार होतात याचा त्यात हिशेब मांडला आहे, आणि हवामानशास्त्राला त्यांचा काय उपयोग, हे तर शीर्षकातच आहे. बेरिलियम-७चा सुमारे दोनतृतीयांश भाग स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या मजल्याच्याही वर तयार होतो. रेडॉनचं शिसं पायाखालून येतं, बेरिलियम डोक्यावरून. एकाच धूलिकणावर दोघं चिकटलेली असू शकतात. मला या शोधातलं सगळ्यात आवडतं ते हे: वाऱ्याला आता आडवंच नाही, उभंही गाव मिळालं. कोरडी, खाली उतरत आलेली हवा बेरिलियम घेऊन येते. जमिनीवर रेंगाळलेली हवा शिसं घेऊन येते. आणि समुद्रावरून पावसात भिजत आलेली हवा दोन्ही बाबतींत रिकाम्या हाताने येते.

याच इमारतीच्या बाहेर पडून थोडं पुढे कुलाबा वेधशाळेकडे चला, पण वर्ष बदला: १९६३. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचं हवामान केंद्र इथे आहे. नकाशांवर बाण काढले जातायत आणि वाद चाललाय. मोसमी पावसाचं पाणी कुठलं? विषुववृत्त ओलांडून दक्षिण गोलार्धातून आलेलं, की अरबी समुद्राने वाटेत दिलेलं? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांचा कौल अरबी समुद्राकडे होता. वाद बाष्पाचा होता, हवेचा वेगळा. पण हवा कुठून आली हे सांगणारा साक्षीदार उपयोगी पडणार होताच. १९७० मध्ये टाटा संस्थेतल्याच एका शास्त्रज्ञाचा निबंध अमेरिकेच्या भूभौतिकी नियतकालिकात आला: मोसमी अभिसरण रेखाटायला नैसर्गिक रेडॉन.

युक्ती सोपी आहे, करून बघा. जुलैमधल्या एका हवेच्या पुंजक्याच्या पाठीवर बसा. मॅस्करीन बेटांच्या आसपास दक्षिण हिंदी महासागरावर उच्च दाबाचा मोठा फुगवटा आहे, तिथून निघायचं. बरोबर जो काही रेडॉन असेल त्याला वाटेत भर जवळजवळ नाही. आठवडाभराच्या वर पाण्यावरून प्रवास. ३.८ दिवसांत निम्मा, साडेसात दिवसांत पाव. सोमालियाच्या किनाऱ्याला चाटून जाताना आफ्रिकेचा थोडा रेडॉन चढतो, तोही कोकणापर्यंत पोचता पोचता विरळ होतो. आता फेब्रुवारीतला पुंजका घ्या. उत्तर भारताच्या गाळाच्या मैदानावर थंड रात्री जमिनीलगत दबून बसलेला, दर रात्री रेडॉन पीत राहिलेला, आणि मग ईशान्येच्या वाऱ्याबरोबर समुद्रावर ढकलला गेलेला. मुंबईपासून शेकडो मैल आत बोटीवर उभं राहून दोन्ही मोजा. दिसायला समुद्र तोच. हवा दोन वेगळ्या गावांची.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही प्रत्येक कमी आकड्याला समुद्र म्हणत सुटाल. रेडॉन वायू आहे, पाऊस त्याला धुवत नाही. शिसं आणि बेरिलियम कणांवर बसलेलं असतं, पाऊस त्यांना झोडपून खाली आणतो. तेव्हा हे कण धरायला हवेत लावलेला गाळणकागद कोरा निघाला तर हवा समुद्राची असेल, किंवा जमिनीचीच असून वाटेत पावसात सापडली असेल. एकट्या साक्षीदाराच्या भरवशावर निकाल द्यायचा नाही. शिवाय जमीन म्हणजे सगळी जमीन सारखी नव्हे. आपला काळा पाषाण, दख्खनचा बेसाल्ट, युरेनियमच्या बाबतीत ग्रॅनाइटपेक्षा दरिद्री. आणि पावसाळ्यात मातीच्या फटी पाण्याने भरल्या की रेडॉनची वाटच बंद होते. कोकणात जुलैमध्ये रेडॉन कमी असतो तो या दोन्हींमुळे: वारा समुद्राचा, आणि दार लागलेलं.

परत या. आजचा काळ, जानेवारीतली पहाट, मुंबईतली एक गच्ची. पंप रात्रभर घुमतोय आणि काचतंतूंच्या गाळणकागदातून हवा ओढतोय. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, आठवतायत? आत्ता मतलई चालू आहे, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी खारा सुटेल आणि रेडॉनचा आलेख खाली बसेल. चोवीस तासांनी कागद चिमट्याने उचलून बघा. पांढरा लावला होता, आता काळपट राखाडी झालाय, कडेला पट्टीच्या दाबाची पांढरी चौकट तेवढी शिल्लक. कागदाचा पृष्ठभाग मखमली दिसतो. बोट लावू नका.

हा कागद लगेच मोजला तर सकाळच्या रेडॉनच्या पोरांचा कल्ला फार. थोरियमच्या घरातलं शिसं-२१२ साडेदहा तासांच्या अर्धायुष्याचं. त्याचा जन्मदाता थोरॉन वायू मिनिटभरही धड टिकत नाही, त्यामुळे हे शिसं जवळपासच्या जमिनीतलंच, फार तर कालच्या मुक्कामाचं. चार-पाच दिवस कागद ठेवून द्यायचा, ही मंडळी आपोआप गप्प होतात. मग द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवलेल्या जर्मेनियमच्या मोजयंत्रावर ठेवायचा. पडद्यावर ठिपके साचत जातात. तासाभरात काही नाही. रात्रभराने डावीकडे ४६.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी एक टेकडी उभी राहते, रेडॉनच्याच वंशातलं शिसं-२१०, बावीस वर्षं अर्धायुष्य. उजवीकडे ४७८पाशी दुसरी, बेरिलियम-७. एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला आभाळ. शेजारच्या संगणकावर गेल्या पाच दिवसांचा हवेचा माग काढलेली रेघ आहे, राजस्थानवरून खाली उतरत आलेली. टेकड्या आणि रेघ जुळतायत की नाही, हे ताडून बघण्यात आयुष्य गेलेले लोक आहेत. कधी जुळत नाहीत, तेव्हा बहुधा रेघेचं चुकतं. माझा तरी कल कागदाकडे असतो. तो तिथे होता.

आता शेवटची वेळ: मे महिन्याचा शेवट, तुमच्याच इमारतीची गच्ची. पूर्वेकडून ढग चढून आलेत, वळीव. चौथ्या मजल्यावरच्या काकू धावत पापडांची वाळवणं उचलायला आल्या आहेत. तुमच्या हातात खिशात मावणारा गायगर काउंटर आहे, मिनिटाला वीस-पंचवीस टिकटिक. पाऊस वीस मिनिटं कोसळतो आणि थांबतो. पत्र्यावरचं पाणी टिशू पेपरने टिपून घ्या, भराभर, मास्तरांची तार पुसलीत तसं. घडी घालून काउंटरखाली धरा.

टिकटिक एकदम दाटते. दुप्पट, तिप्पट.

काकू परात कडेवर घेऊन थांबतात. "पावसात किरण असतात होय? मग दोरीवरचे कपडे परत धुवायला टाकू का?"

"नको काकू, तासाभरात उतरतील."

अर्ध्या तासाने आकडा निम्म्यावर. विल्सनचं भांडं, फक्त प्लॅटिनमऐवजी टिशू पेपर. वळवाचा हा ढग दिवसभर तापलेल्या जमिनीवर वाढला, तिथलीच हवा वर ओढून घेऊन. मातीतून सुटलेला सकाळचा रेडॉन दुपारी ढगात गेला आणि संध्याकाळी त्याची पोरं तुमच्या पत्र्यावर आली.

जुलैच्या मध्यावर पुन्हा तीच जागा, तोच पत्रा, तोच काउंटर. तीन दिवस झाले, पाऊस हटलेला नाही. टिशू टिपून घेता, घडी घालता, खाली धरता. सत्तावीस. आधी चोवीस होते. पुन्हा करून बघता. सव्वीस.

काकू दारातूनच विचारतात, "आज काय म्हणतोय तुमचा डबा?"

"काही नाही म्हणत. समुद्रावरनं आलाय पाऊस."

"त्यात मोजायचं काय," काकू म्हणतात, आणि गच्चीच्या दाराच्या कडीवरून बोट फिरवून तुम्हाला दाखवतात. बोट तांबूस झालंय. गेल्याच दिवाळीत रंगवलेली कडी.